आठ महिने फक्त बायकांची पुस्तकं वाचली, त्याचा हा अनुभव

सुरुवातीलाच सांगते, मी साहित्यातली कोणी नाही. बी.कॉम. झालं, लग्न झालं आणि गेली १७ वर्षं मंगळवार पेठेत आमचं किराणा दुकान आहे तिथं सकाळी सहापासनं दुपारी एकपर्यंत मी गल्ल्यावर असते, संध्याकाळी हे बसतात. वाचन म्हणजे पेपर, दिवाळी अंक, कुणी हातात दिली तर कादंबरी. त्यामुळं ही समीक्षा वगैरे नाही. मिक्सर घेऊन आठ महिने झाल्यावर शेजारीण विचारते ना, कसा आहे गं, तेव्हा जसं खरं खरं सांगतो तसं सांगायचंय.

झालं असं की जूनमध्ये आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पेपर पहिल्या पानापासनं निधनवार्तांपर्यंत वाचणारी बाई, आणि नवा चष्मा येईपर्यंत दीड महिना अक्षर नीट दिसणार नाही म्हटल्यावर त्या नुसत्या कॉटवर बसून राहायला लागल्या, टीव्हीचा त्यांना कंटाळा. मग दुपारी जेवणं झाली की दोन ते तीन मी मोठ्यानं वाचायचं असं ठरलं. आमच्या गिऱ्हाइकांत एक रिटायर्ड बाई आहेत, हायस्कूलला मराठी शिकवायच्या, त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आणून दिलं आणि म्हणाल्या, “हे मोठ्यानंच वाच, कानानं वाचायचं पुस्तक आहे हे.”

ते संपल्यावर मी घरातलं कपाट उघडून बघितलं. एकतीस पुस्तकं निघाली. त्यात बायकांनी लिहिलेली दोन आणि त्यातलं एक ‘रुचिरा’. रुचिराला मी कमी लेखत नाही, लग्नानंतर मला स्वयंपाक त्याच पुस्तकानं शिकवला. पण एकतीसात दोन हे डोक्यातनं जाईना, म्हणून ठरवलं की आता सहा महिने बायकांचीच पुस्तकं वाचायची. सहाचे आठ झाले. नऊ पुस्तकं पूर्ण झाली, एक निम्म्यात सोडलं.

पुस्तकं मिळवायची कशी हे आधी सांगते कारण बऱ्याच जणी तिथंच अडतात. आपल्या कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासनं आहे, एवढं जुनं वाचनालय किती गावांत असेल, पण माझ्या दुकानाच्या वेळेत मला जमेना म्हणून घराजवळच्या एका छोट्या वाचनालयाची वर्गणी भरली. तिथं बरीच जुनी पुस्तकं आहेत पण हालत वाईट. एका पुस्तकातला अख्खा फर्मा गायब, सोळा पानं नाहीत, आणि परत देताना सांगितलं तर “असंच आहे ते” एवढंच उत्तर. एक पुस्तक ऑनलाइन मागवलं तर छपाई अशी पुसट की कुणीतरी झेरॉक्स मारून बांधल्यासारखी, ते परत केलं आणि गावातल्या दुकानातनं नीट बघून घेतलं. स्वस्त मिळतंय म्हणून कुठनंही घेऊ नका, आणि आपण असली कॉपी घेतली तर लिहिणाऱ्या बाईला एक रुपया जात नाही हेही आहेच.

आता स्मृतिचित्रे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, पुस्तक चार भागांत १९३४ ते १९३६ मध्ये आलं, शाळा नाही, लिहायवाचायला नवऱ्यानं शिकवलेलं. मला वाटलेलं जुनी भाषा, आत्ती झोपतील. झोपतात कुठल्या! लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा भाग आला, बाजारातनं आलेलं धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही वगैरे, आणि आत्तींनी मला हातानं थांबवलं. “थांब जरा. मीठ काय करत असतील गं ती माणसं?” आणि एवढ्या हसल्या की डोळ्याला हात लावू नका म्हणून मला ओरडावं लागलं. पुढं रोज दीड वाजताच त्यांचं सुरू व्हायचं, आटप की, भांडी राहू देत.

पण हे पुस्तक नुसतं हसवत नाही. नवरा कवी, मनानं मोठा, पैसा घरात टिकू देत नाही, आणि १८९५ साली तो ख्रिस्ती होतो. ह्या बाईला ते माहेरच्या माणसांत असताना कळतं. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहतात. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर पानंच्या पानं रडणं आलं असतं. लक्ष्मीबाई काय झालं ते सांगतात, कोण काय बोललं ते सांगतात, आणि मधेच असं काही बारीक सांगून जातात की आपल्यालाच गलबलून येतं. आणि सगळ्यात मला जे आवडलं ते हे की त्या स्वतःला सोडत नाहीत. आपण आधी किती शिवाशिव पाळत होतो, कुणाच्या हातचं पाणी पीत नव्हतो, कुणावर उगाच रुसलो, ते सगळं जसंच्या तसं. नवऱ्यावर रागही आहे आणि जीवही आहे, दोन्ही एकाच पानावर.

तिथनं माझं एक माप तयार झालं आणि पुढची सगळी पुस्तकं मी त्याच मापानं मोजली. लिहिणाऱ्या बाईनं स्वतःला आणि आपल्या माणसांना वाचवून लिहिलंय का? वाचवून लिहिलं असेल तर मला दहा पानांत कळायला लागलं. निम्म्यात सोडलेलं पुस्तक त्यातलंच, एका यशस्वी बाईंचं आत्मकथन, त्यात त्यांचं एकदाही काही चुकत नाही. नाव घेत नाही.

बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ (१९८६) ह्याबद्दल जास्त लिहायचंय. बेबीताई फलटणच्या, शिक्षण चौथीपर्यंत, आणि त्यांचंही छोटं दुकान होतं. रद्दीत आलेले पेपरचे कागद वाचायचा त्यांना नाद, आणि दुकानात बसूनच त्या लिहीत होत्या, घरच्यांपासनं लपवून, वीसेक वर्षं वह्या तशाच पडून होत्या. मॅक्सिन बर्नसन म्हणून अमेरिकेतनं येऊन फलटणला राहिलेल्या अभ्यासक बाई, त्यांनी मागे लागून ते बाहेर काढायला लावलं. हे मी कळल्यावर आमच्या काउंटरकडं बघत बसले. वजनकाटा, बिस्किटाच्या बरण्या, खाली उधारीची वही. म्हणजे समोर गिऱ्हाईक “वहिनी, पाव किलो साखर” म्हणतंय आणि ह्या बाईच्या मांडीवर हे पुस्तक आहे! मी ह्या पुस्तकाला पेपरचं कव्हर घातलेलं कारण माझी बोटं कायम हळदीची नाहीतर तेलाची, तरी एका पानाच्या कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा उठलाच. वाचनालयाचं पुस्तक, मला फार वाईट वाटलं.

पुस्तक पातळ आहे पण गिऱ्हाइकांच्या मधे मधे वाचता येत नाही, मी दोन दिवस प्रयत्न करून बंद केलं. महारवाड्यातलं जगणं आहे, भूक आहे, मेलेल्या ढोराचं मांस, निवडुंगाची बोंडं खाऊन काढलेले दिवस, आणि हे सगळं दुसऱ्यांनी आमच्यावर लादलं हे ठणकावून सांगताना बेबीताई घरातल्या बायकांनी बायकांचे जे हाल केले तेही सांगतात. लहान लहान सुना, रात्री उठून दळायचं, भाकरी जमली नाही की सासू इतर बायकांना बोलावून ती भाकरी दाखवणार. आणि पळून गेलेल्या सुनेच्या पायात खोडा, म्हणजे लाकडाचा ओंडका अडकवायचा, तो घेऊन चालायचं, पाय रक्तानं भरायचे. आपल्या समाजाचं दुःख जगापुढं मांडताना हे झाकून ठेवणं सोपं होतं की नाही? बेबीताईंनी झाकलं नाही. आणि ह्याच बायका पुढं बाबासाहेबांचं भाषण ऐकून पोरांना शाळेत घालतात, ते वाचताना अंगावर काटा येतो.

खोड्याचा भाग मी आत्तींना वाचून दाखवावा का नाही ह्याचा दोन दिवस विचार केला. शेवटी वाचला. आत्ती काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं त्यांना आवडलं नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी, मी कप पुसत होते, त्या म्हणाल्या, “आमच्या माहेरच्या वाड्यात बाहेरच्या सोप्याला कोनाड्यात एक कपबशी वेगळी होती. कान तुटका होता कपाचा. शेतातल्या गड्याला त्यात चहा. तोच धुऊन पालथा घालून जायचा. मी लहान होते तेव्हा वाटायचं त्याला तो कप आवडतो म्हणून.”

आम्ही कोल्हापूरची माणसं. शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांसमोर चहा प्यायले ही गोष्ट इथं पोराबाळांना पाठ असते, मलाही शाळेत सांगितलेली, मीही मुलीला सांगितलीय, आणि दरवेळी छाती फुगवून सांगितलीय. आणि आमच्याच नात्यातल्या एका वाड्यात त्यानंतर पन्नास वर्षांनी तो कान तुटका कप होता. आत्ती सत्तर वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या त्याबद्दल. पुस्तक वाचलं म्हणून बोलल्या. मी त्यांना काही म्हटलं नाही, काय म्हणणार.

उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३) त्यानंतर लगेच घेतलं. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू, सुपं, टोपल्या, रोवळ्या. लेखिका रत्नागिरीकडच्या, त्यांची आई आयुष्यभर दारात बसून हे विणायची, त्यावर घर चाललं, आणि लेखिका म्हणतात माझं लिहिणं आणि आईचं विणणं एकाच जातीचं आहे. सुरुवातीलाच बाजार करून डोंगर उतरणाऱ्या, चढणाऱ्या बायकांचं वर्णन आहे, दमलेल्या, एकमेकींची चेष्टा करणाऱ्या, ते वाचताना पावसाचा वास येतो. पुढं मुंबई, नोकरी, संसार, शिकायला निघाल्यावर नवऱ्याची कुरकुर, चळवळीत गेल्यावर घरात होणारे वाद, आणि मुलाचा मृत्यू. तो भाग मी मोठ्यानं वाचू शकले नाही, मुलीला दिलं वाचायला, ती पण मधे थांबली. मधली चळवळीची काही पानं मला जड गेली, बरीच नावं येतात, पण सोडू नका. आमच्या दुकानात दिवाळीच्या आधी आम्ही सुपं ठेवतो, ह्या वेळी ती आली तेव्हा मी एक उलटं करून बघितलं, कडेला बारीक कामटी कशी दुमडून आत घातलेली असते ते. इतकी वर्षं विकतीय, कधी बघितलं नव्हतं. आणि भाव करणाऱ्या बाईला ह्या वर्षी मी पाच रुपये सुद्धा सोडले नाहीत.

‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’ दोन्ही इंग्रजीत माया पंडित यांनी नेलीत, त्यामुळं घरात इंग्रजी मीडियमची पोरं असतील तर त्यांनाही देता येतील.

आता ‘युगांत’. ह्यावरनं आमच्या घरात भांडण झालं म्हटलं तरी चालेल. कोल्हापूर जिल्ह्यात कर्ण म्हणजे ‘मृत्युंजय’, शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे, आमच्या ह्यांनी ते पाच वेळा वाचलंय आणि लग्नानंतर मला पहिलं पुस्तक त्यांनी तेच दिलेलं. इरावती कर्वे यांचं महाभारतातल्या माणसांवरचं युगांतही १९६७चंच, मृत्युंजय आलं त्याच वर्षाचं, आणि १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळालाय. त्यात कर्णावरचं प्रकरण आहे ‘मी कोण?’ नावाचं. इरावतीबाई कर्णाला डोक्यावर घेत नाहीत. त्याच्यावर अन्याय झाला हे मान्य, पण तो वागला कसा, द्रौपदीला भर सभेत काय बोलला, घोषयात्रेत लढाई सोडून कसा निघाला, हे त्या मूळ महाभारत पुढं ठेवून विचारतात. ह्यांना मी दोन पानं वाचून दाखवली तर जेवता जेवता उठले. दुसऱ्या दिवशी स्वतःच घेऊन बसले आणि रात्री म्हणाले, “पटत नाही, पण बाईंनी वाचून लिहिलंय.” मला विचाराल तर दोन्ही वाचावीत. एकात कर्णाचं मन आहे, दुसऱ्यात कर्णाचा हिशेब आहे. मला स्वतःला गांधारीचं प्रकरण सगळ्यात आवडलं, शेवटी वनात म्हातारा धृतराष्ट्र आणि ती बोलत बसतात ते. डोळ्यावर पट्टी हा त्याग होता का राग होता, असा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. हे पुस्तक मात्र काउंटरचं नाही, रात्री सगळे झोपल्यावर शांतपणे घ्यायचं.

त्यांचंच ‘परिपूर्ती’ मात्र काउंटरसाठी एकदम बरोबर. छोटे छोटे लेख, दोन गिऱ्हाइकांच्या मधे एक पान होतं. पंढरीच्या वारीवरचा लेख त्यातच आहे, आत्ती दोनदा वारीला जाऊन आल्यात त्यांनी तो तीनदा वाचून घेतला. आणि शेवटचा लेख, एवढ्या मोठ्या विदुषी, सभेत त्यांची ओळख अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी करून देतात, आणि मग रस्त्यात एक पोरगा दुसऱ्याला सांगतो की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. त्यावर त्या चिडत नाहीत, आणि ओळख आता पुरी झाली म्हणतात. मी ह्यावर बरेच दिवस विचार केला. पेठेत मला दुकानवाल्या वहिनी म्हणतात. माझं नाव माहीत असलेली गिऱ्हाइकं चार असतील. मला त्याचं इरावतीबाईंएवढं समाधान वाटत नाही, खरं सांगते.

गौरी देशपांडे. ‘एकेक पान गळावया’, तीन दीर्घकथा. पहिल्यांदा घेतलं तेव्हा वीस पानांत ठेवलं. ह्या बायका परदेशात राहतात, पितात, इंग्रजी कविता बोलतात, आमच्या पेठेशी ह्यांचा काय संबंध असं वाटलं. नोव्हेंबरमध्ये परत घेतलं आणि शेवटच्या कथेपासनं सुरू केलं, नवरा गेलेली, पोरं मोठी झालेली बाई, एकटी. सगळे तिला सांभाळायला बघतायत आणि तिला नकोय ते. ते मला कळलं, कारण मामंजी गेल्यावर आम्ही आत्तींशी तेच केलेलं, दुकानात बसू नका, बाजारात जाऊ नका, आराम करा, आणि त्या वाळत चालल्या होत्या. तरी सांगते, गौरीबाईंच्या नायिका फार हुशार आहेत आणि आजूबाजूच्या साध्या बायकांना त्या जरा वरनं बघतात असं मला वाटलं. मराठी मात्र काय सुंदर लिहितात! पुढची पुस्तकं वाचणार आहे.

कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) कादंबरी आहे, एनजीओतली बाई आदिवासी भागात महिला सरपंचांना भेटत फिरते. थोडी लांबलीय, मधला भाग रिपोर्टसारखा होतो. पण ज्यांनी गावातली ग्रामपंचायत जवळनं बघितलीय त्यांना एकेक प्रसंग ओळखीचा वाटेल. माझं माहेर भुदरगड तालुक्यातलं, तिथं बाई सरपंच झाली तेव्हा सत्काराचे सगळे हार नवऱ्याच्या गळ्यात पडलेले आणि बाई मागं उभी. आम्ही पण टाळ्या वाजवल्या होत्या. ब्र वाचल्यावर त्या टाळ्या आठवल्या.

सुनीताबाई देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) ह्यावर लोकांची मतं ठरलेली असतात, पुलंवर जीव असणाऱ्यांना राग येतो. मला राग आला नाही. बाई कडक आहेत, पण जेवढ्या नवऱ्याशी कडक तेवढ्याच स्वतःशी, माझ्या मापात बसतं. फक्त फार वेळ एका सुरात राहतं ते, मी मधे आठवडाभर थांबले होते. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३चं, विभावरी शिरूरकर ह्या टोपणनावानं मालती बेडेकरांनी लिहिलेलं, तेव्हा केवढा गदारोळ झालेला, लेखिका कोण ते शोधत होते लोक. आता वाचताना भाषा जुनी वाटते आणि त्यातच माझा तो फर्मा गायब. तरी शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींची घुसमट आजही तीच आहे, आमच्या मागच्या गल्लीतल्या एका पोरीला मी ते दिलंय. एकीला नाव लपवायला लागलं, बेबीताईंना वह्याच लपवायला लागल्या.

कुणी विचारलं की सुरुवात कुठनं करू, तर घरात ऐकणारं कुणी असेल तर स्मृतिचित्रे, आणि मोठ्यानंच वाचा. एकटीच असाल, वेळ तुकड्या तुकड्यानं मिळत असेल तर परिपूर्ती. ‘जिणं आमुचं’ला मात्र सलग दोन दुपारी काढून ठेवा, आणि नंतर घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ जरा वेळ बसा, घाई करू नका.

पुढच्या आठवड्यात आत्तींच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. दुपारी मला होलसेलला जायचं असतं म्हणून ह्या वेळी वाचायचं काम मुलीनं घेतलंय, अकरावीला आहे, “मी वाचतो की आज्जीला, तू जा” म्हणाली. काल मी आत्तींना विचारलं नवीन कुठलं आणू, तर म्हणाल्या नवीन नको, ते फलटणच्या बाईचं परत आण, मी त्या दिवशी पुढचं नीट ऐकलं नव्हतं. हळदीचा ठसा असलेलंच परत मिळालं. १४ तारखेला द्यायचंय, एकदा मुदत वाढवून घेईन.